दारामागची चाचणी

आठ वर्षांच्या चिमणीला घरी एकटीनं राहायचं होतं. शेजारच्या वकीलकाकू म्हणाल्या, "नुसतं वय बघू नका, तिची तयारी बघा. काही झालं तर कायदा जाब तुम्हालाच विचारेल."

म्हणून बाबांनी आधी चाचणी घ्यायची ठरवली. नियम एकच होता: कुणालाही दार उघडायचं नाही. "अगदी माझ्या आवाजात कुणी बोललं तरी!"

आईबाबा बाहेर पडले आणि जिन्यातच बसले. थोड्याच वेळात आईचा जीव वरखाली व्हायला लागला. "अहो, पुरे झालं. उघडा दार."

बाबांनी खिसे चाचपले. किल्ली आत खुंटीवरच राहिली होती.

"चिमणे, दार उघड. मी बाबा!"

"कुणीही असंच म्हणेल. माझ्या बाबांकडे किल्ली असते."

"अगं, आईपण आहे इथे!"

"म्हणजे दोघं आहात? थांबा, काकूंना फोन करते."

वकीलकाकू चप्पल न घालताच धावत आल्या. पायरीवरच्या दोघांना बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "पोरगी पास झाली. आता तुमचं काय करायचं?"

"काकू," आतून आवाज आला, "आईबाबा येईपर्यंत त्यांना तुमच्याकडे बसवा. पण एकटं सोडू नका हं."