सैल सोडा

माझ्या सासूबाईंच्या, आईंच्या, उजव्या बुटाचा तळ आतल्या कडेने झिजून गुळगुळीत झाला होता. बाहेरच्या कडेची नक्षी अजून नवी होती. म्हणजे वजन पावलाच्या मधून जमिनीत जात नव्हतं. गुडघा आत पडत होता आणि सगळा भार तोच झेलत होता.

इथे आखातात, अझैब्याला, समुद्रालगतच्या फरशीवर, माझा नवरा अनुप शुक्रवारी सकाळी ताई-ची हा संथ चिनी व्यायाम शिकवतो. गुडघे किंचित वाकवून, झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून सगळे स्तब्ध उभे राहतात. जुने चिनी गुरू सांगतात, डोकं वरून टांगल्यासारखं हलकं ठेवा, कंबर आणि जांघा सैल सोडा, म्हणजे शरीरातली ऊर्जा, ची, आपोआप खाली उतरते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तरी मला यात खोटं काही दिसत नाही. सांधे सैल आणि एका रेषेत असले की भार हाडांतून जमिनीत जातो. त्या वाटेला ची म्हणायला माझी हरकत नाही.

हरकत अनुपने लावलेल्या अर्थाला होती. त्याने विपश्यनेची शिबिरं केली आहेत. तिथे मांडी घालून बसल्यावर दुखणं नुसतं पाहायचं असतं; ते येतं आणि जातं. ते त्याने इथे आणून चिकटवलं. कुणाचा गुडघा दुखला की तो म्हणायचा, ची अडथळा फोडते आहे, हलू नका. बसलेल्या माणसाचा नियम त्याने वाकलेल्या गुडघ्यांवर लादला, आणि तेही स्वतःच्या आईच्या.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्याला अख्खा उन्हाळा उलटला. अनुपचं म्हणणं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात आई मंचावर उभी राहून दाखवणार आहे, त्यानंतर बघू. आई मला म्हणायच्या, त्याचं मन मोडवत नाही. मग कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या, आणि मी दात आवळून मागे.

काल फरशीवर पुन्हा तेच. आईंचा गुडघा थरथरायला लागला. शेजारी उभे असलेले शरीफभाई, त्यांचं सीबच्या बाजारात दुकान आहे, म्हणाले, "मावशी, तुमची ची उतरली असेल तर चहा घेऊ. माझी कधीच तिकडे निघून गेली." सगळे हसले. आईही हसल्या. अनुप हसला नाही.

"हलू नकोस, आई. फक्त बघ."

मी रांगेतून बाहेर आले, फरशीवर बसले आणि आईंची पोटरी दोन्ही हातांनी धरली. ती दगडासारखी झाली होती.

"सैल सोडा असं सांगितलंय, अनुप," मी म्हणाले. "सोसा असं कुणीच सांगितलेलं नाही. ते तुझं आहे."

त्याने वर्गाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, हे घरी बोलू. घरी उन्हाळाभर बोललो होतो.

"आई, तूच सांग," तो म्हणाला. त्याला उत्तराची खात्री होती.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण गुडघा आईंचा होता. मी फक्त पोटरी सोडली नाही.

आईंनी मिठीसाठी उचललेले हात खाली घेतले आणि माझ्या खांद्यांवर टेकवले. त्यांचं वजन मला कळलं.

"कार्यक्रम मी खुर्चीत बसून बघेन," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन आधी होणार. संध्या, उद्याच तारीख घे."