वेल्लमचा हात

भुवनाने जाळीला बसवलेल्या लोखंडी नळीवर बोटांनी टकटक केली आणि तोंड उघडले. आवाज आलाच नाही, नुसती हवा बाहेर पडली. जाळीपलीकडे बसलेल्या वेल्लमने लांबुळके नाक वर करून वास घेतला आणि पुन्हा आपला पंजा चाटायला घेतला.

तमिळमध्ये वेल्लम म्हणजे गूळ. सर्कशीतून सोडवलेली ही म्हातारी अस्वलीण तंजावूरजवळ ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या या प्राणी-केंद्रात आली, तेव्हा गुळाखेरीज कशालाच तोंड लावेना, म्हणून हे नाव. दोरी ओवल्याची खूण तिच्या नाकावर अजून होती. तिला ओढायचे नाही, दाबायचे नाही, हा भुवनाचा नियम. वेल्लमने आपणहून नळीत हात घालायचा, आतला दांडा धरायचा, मग डॉक्टरांनी नळीच्या फटीतून रक्त घ्यायचे. मागचे दार सताड उघडे. नको वाटले तर हात काढून खुशाल चालती हो, कोणी रागावणार नाही. एवढे शिकवता शिकवता जानेवारीतला पोंगल सरून जुलैतला आडी महिना लागला होता.

आणि आज डॉक्टर सेतुमाधव मुद्दाम मदुरैहून आलेले असताना भुवनाचा घसा बसला होता.

वेल्लमचे खाणे कमी झाले होते. मूत्रपिंडाची शंका होती, ती रक्त तपासल्याशिवाय फिटणार नव्हती. बेशुद्ध करून रक्त घेता आले असते, पण या वयात ती पुन्हा शुद्धीवर येईलच असे नाही, असे डॉक्टर सकाळी अगदी हळुवारपणे म्हणाले होते. त्या हळुवारपणाचीच भुवनाला जास्त धास्ती वाटली. तेव्हापासून ती उगाचच कड्या-कोयंडे चाचपत होती.

मधाची बाटली घेऊन उभ्या असलेल्या मणीने, वेल्लमच्या राखणदाराने, प्रयत्न करून पाहिला.

"कै कुडु, वेल्लम."

तमिळमधल्या या 'हात दे'वर वेल्लमने मधाकडे पाहिले, मणीकडे पाहिले, मग छताकडे. डॉक्टरांनी इंग्रजीतून विनवले. तिने जांभई दिली.

तेव्हा कुठे भुवनाच्या ध्यानात आपली चूक आली. पहिल्या दिवसापासून तिने वेल्लमला शिकवले होते ते घरच्या बोलीत, तंजावूरच्या मराठीत. चार वर्षांच्या लेकीची, जननीची, नखे काढताना जे तोंडात यायचे, तेच इथेही आले. ठरवून काही नाही. हात नळीत असेतो काहीतरी बोलत राहावे लागे, म्हणून ती बोलत राही, तेही त्याच बोलीत. केंद्रात ती कोणालाच कळत नव्हती. त्यामुळे घरातले जे घरात बोलता येत नाही, तेही बोलता येई. मणीची तर समजूत होती की ही प्रशिक्षणाचीच भाषा असणार, अक्का कॉलेजातून शिकून आली असणार.

तिने मणीच्या कानात ते शब्द कुजबुजले. मणीने ते मोठ्या भक्तिभावाने उच्चारले. वेल्लम दोन पावले मागे सरकली.

त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि हातात फ्लास्क घेऊन हिराबाई उतरल्या. भुवनाच्या सासूबाई. एम.एस्सी. झालेल्या सुनेने अस्वलाचे लाड करत बसावे हे त्यांना पहिल्यापासून रुचले नव्हते, आणि तिथे आपण पाऊल ठेवणार नाही असे त्यांनी सांगून टाकले होते. पण सुनेसाठी उकळलेला सुंठीचा काढा ओट्यावरच राहिला, तेव्हा तो वाया जाणे त्यांना त्याहून रुचले नाही.

नाकाला पदर लावून त्या जाळीपासून लांब उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी अडचण सांगितली. हिराबाईंनी वेल्लमच्या नाकावरच्या खुणेकडे जरा वेळ पाहिले. पदर खाली आला.

"भितेस कसाला गो?" त्या म्हणाल्या. "हात दे बघू. दे, माझी शहाणी."

वेल्लमचे कान हलले. ती उठली, डुलत पुढे आली, आणि तिचा काळा केसाळ हात नळीत सरकला. आतल्या दांड्यावर नखे खटकन वाजली.

मणीने मधाची धार सोडली. डॉक्टर सुई घेऊन वाकले. भुवनाने सासूबाईंकडे पाहून हवेत हात गोल फिरवला. बोलत राहा.

आता बोलायचे काय? हिराबाईंनी क्षणभर विचार केला आणि मनात सगळ्यात वर जे होते तेच काढले.

सून शिकलेली आहे हो, पण फोडणीत हिंग घालायचा ध्यानात राहत नाही. लेकराला शाळेत सोडते आणि फाटकापाशी उभीच राहते, जशी काय शाळा उठून पळून जाणार आहे. लेकरू शिंकले की डॉक्टर, नाही शिंकले तरी डॉक्टर. स्वतःचा काढा तेवढा विसरायचा. हे सगळे त्या अशा गोड, लांबवलेल्या सुरात सांगत होत्या की वेल्लमचे डोळे मिटू लागले. दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली भुवना सारे ऐकत होती.

सुई आत गेली. वेल्लमचा हात किंचित थरथरला. हिराबाई आणखी जवळ सरकल्या, आवाज आणखी खाली आला.

"एक सांगते, तिला सांगू नको हं. पिठलं तिच्या हातचं माझ्यापरीस बरं होतं. शेजारच्या कनकलतेला मीच केलंय म्हणून देत असते मी."

भुवनाने मान वळवून एक कडी पुन्हा चाचपली. ती लागलेलीच होती.

"झालं," डॉक्टर म्हणाले. भरलेली कुपी त्यांनी उजेडात धरली.

वेल्लमने उरलेला मध संपवला. मागचे दार उघडेच होते, पण ती गेली नाही. मणी बाटलीचे टोपण लावत कौतुकाने तमिळमध्ये म्हणाला,

"अम्मा, भुवना अक्काही हिच्याशी अगदी अशीच बोलते. रोज. मला कळत नाही, पण त्यात 'आत्याबाई, आत्याबाई' फार वेळा येतं. कोणाचं नाव ते?"

घरात भुवना 'आत्याबाई' म्हणून एकाच व्यक्तीला हाक मारत असे.

हिराबाईंनी सुनेकडे पाहिले. भुवनाने घाईघाईने घशाकडे बोट केले आणि मान हलवली.

हिराबाईंनी फ्लास्क उघडला, टोपणात काढा ओतला आणि वाफ येणारे टोपण तिच्या हातात दिले.

"पी," त्या म्हणाल्या. "घसा बरा होऊ दे. तोवर मी येते हिच्याकडं. अर्धी गोष्ट हिनं ऐकलीय, अर्धी ऱ्हायलीय."

नळीत खटकन आवाज झाला. कोणी न मागताच वेल्लमने पुन्हा हात घातला होता.

भुवना काढा पीत राहिली, अगदी थेंब थेंब. घसा बरा व्हायची तिला आता तितकीशी घाई उरली नव्हती.