छावणीची हजेरी आणि माझी रेघ

मित्रांनो, खरं सांगू? जीव दमलाय माझा. नांदूरघाटजवळच्या एका दवाखान्यातली मी जुनी ईसीजी मशीन. हृदयाच्या ठोक्यांची रेघ कागदावर काढायची, एवढंच माझं काम. दूध सोसायटीनं मला आणलं तेव्हा चक्क हार घातला होता! पुढं दुष्काळ पडला, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं आणि माझ्यावर धूळ बसली.

त्याच दुष्काळात एका दुपारी गहिनीनाथ आला. चारा छावणीत पेंढी सोडताना भुकेल्या बैलानं कपाळानं त्याच्या छातीवर धडक दिली होती. ना रक्त, ना जखम. म्हणून त्यानं गरम तेलानं छाती चोळून घेतली. मग चक्कर आली, तेव्हा बायकोनं, छबुबाईनं, ओढतच आणला.

"मुका मार हाय डॉक्टरबाई, गोळी द्या," तो म्हणाला. "सांजच्याला छावणीत हजेरी हाय. माणूस उभा नसला तर जनावराला चारा न्हाई."

बाईंनी मला पुसलं, माझ्या रबरी फुग्यांच्या वाट्या त्याच्या छातीवर चिकटवल्या. मी रेघ काढली. मधूनच एखादा ठोका भलत्याच जागी उडी मारत होता.

"भाऊ, मुका मार हृदयालाही लागतो. वरून दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ठोके बिघडले तर बसल्या जागी माणूस जातो. पडून राहा. रुग्णवाहिका बोलावते. बीडला रक्त तपासतील, हृदयाची सोनोग्राफी करतील."

"अन् बैल उपाशी ठेवू?" तो माझ्या वायरी ओढायला लागला.

छबुबाईनं त्याचा खांदा दाबला. "गप पडा! मी ऱ्हाते उभी हजेरीला."

"त्यो लई मारका हाय."

"तुमच्यापरीस बरा. ऐकतो तरी!"

तो हसला, कळवळला आणि आडवा झाला. ती पदर खोचून निघाली.

रुग्णवाहिकेची माणसं आत आली आणि माझी रेघ एकाएकी पिसाळली. नुसते डोंगरच डोंगर! गहिनीनाथचे डोळे फिरले. त्यांनी छातीला विजेचा झटका दिला. रेघ सपाट झाली. मग एक ठोका. मग दुसरा. इतकी दमले होते, तरी तो दुसरा ठोका मी कसा जपून काढला, मलाच ठाऊक.

बीडहून बरा होऊन तो पुन्हा तपासायला आला. माझ्याकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी छावणीत गेलो आसतो तर?"

"तर हजेरी लागली असती तुमची," छबुबाई म्हणाली. "शेवटची."

आता माझा कागद संपलाय आणि वाट्यांचं रबर तडकलंय. मित्रांनो, छातीला मार बसला तर रक्त दिसायची वाट बघू नका, चोळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि मला तेवढा नवा कागद घाला. दमले असले तरी रेघ काढीन मी.