स्वयंपाकघराच्या जमिनीतला झरा

एव्हरिल सॅमवेजच्या घरात पाणी दारातून कधी आलं नाही, आलं ते जमिनीतूनच. डॉर्सेट परगण्यातली ती खडूच्या सच्छिद्र दगडाची टेकडी हिवाळाभर पाऊस पीत राहायची आणि तट्ट फुगली की फेब्रुवारीत तिच्या स्वयंपाकघरात मोकळी व्हायची. पाणी स्वच्छ, नितळ, पण एकदा आलं की महिनाभराचा मुक्काम. सासूच्या काळी कोणी त्याचा बाऊ केला नाही. मातीवर नुसत्या विटा मांडलेल्या, मधून उताराची नाली, मागच्या भिंतीत तळाशी एक भोक. सामान उंचावर चढवायचं, गमबूट घालून बटाटे उकडायचे आणि पाण्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं.

पुढे तिच्या मुलाला, रसेलला, अक्कल सुचली. लागोपाठ दोन हिवाळे आईला पाण्यात वावरताना पाहून त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत विटा उखडल्या, जाड प्लास्टिक अंथरलं, वर काँक्रीट ओतलं आणि भिंतीतलं भोक लिंपून टाकलं. एव्हरिलने तोंड भरून कौतुक केलं. कोरड्या पायांचा मोह तिलाही होताच.

या फेब्रुवारीत पाणी वर आलं नाही. काँक्रीटच फुगलं. सकाळी टेबल डुगडुगायला लागलं, दुपारपर्यंत जमिनीला मधोमध उंचवटा आला आणि मागच्या भिंतीला खालून वर तडा गेला. कोंडलेलं पाणी आता भिंतच ढकलायला लागलं होतं. शेजारचा डेसमंड बघून म्हणाला की ही भिंत गेली तर छप्परही खाली येईल.

तिने रसेलला फोन केला. तो म्हणाला, व्हॅन घेऊन निघालोच, तू कपडे बांधून ठेव. पूल नावाच्या शहरात त्याने तिच्यासाठी फ्लॅटसुद्धा बघून ठेवला होता.

"तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, आई."

"माणसंही येत नाहीत," म्हणत तिने फोन ठेवला.

तरी तिचे पाय कपाटाकडे वळलेच. दोन स्वेटर घडी करून झाल्यावर तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने ते खुर्चीवर भिरकावले. याच घरात तिने संसार केला, याच घरातून नवऱ्याला पोचवलं. इथून तिला बोचक्यासारखं उचलून नेण्याची टेकडीची काय बिशाद होती, आणि मुलाची तरी.

तिने विजेचा मेन स्विच बंद केला आणि शेडमधून घण अन् पहार ओढत आणली.

"वेड लागलंय का तुला?" डेसमंडने विचारलं. "पाणी घरात येईल."

"येऊ दे की. आपणच कोंडून ठेवलंय त्याला. तू उभ्या उभ्या शहाणपण शिकवणार आहेस की मागचं भोक फोडणार आहेस?"

डेसमंड पुटपुटत पहार घेऊन मागे गेला. तिच्या वयात घण डोक्यावर जात नाही, पण कमरेपर्यंत उचलून सोडता येतो. ती उचलत राहिली, सोडत राहिली. हातांना फोड आले, फुटले. शेवटी उंचवट्यावरचा तुकडा खचला, खालचं प्लास्टिक फाटलं आणि पाणी उसळून वर आलं, बर्फासारखं गार. बघता बघता ते घोट्यापर्यंत चढलं आणि मागच्या भोकातून खळखळत बागेत पडायला लागलं. उंचवटा कुरकुरत बसला. तडा होता तिथेच थांबला.

रसेल आला तेव्हा ती पाण्यात उभी होती. आपल्या मेहनतीची ती दशा बघून त्याचा चेहरा पडला.

"दरवर्षी हेच करणार आहेस?"

"दरवर्षी."

"आणि एखाद्या दिवशी पाण्यात पडलीस तर?"

"ओली होईन. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये मात्र कोरडी मरेन मी, रसेल."

त्याने तिच्या हातातून घण काढून घेतला, तिचे सोललेले तळवे पाहिले आणि बूट न काढताच पाण्यात उतरला. एका भोकाने भागायचं नाही, भिंतीलगत अजून एक हवं, असं म्हणून त्याने आपणच घातलेल्या जमिनीवर घण हाणला.