सुभाषरावांचा एक चमचा

देवासच्या मराठी मंडळात गणपतीच्या महाप्रसादाला तूप कोण वाढणार, हा प्रश्न बावीस वर्षं कुणाला पडलाच नव्हता. तूप म्हणजे सुभाषराव. कारखान्यात ते फिटर होते आणि लोखंडातला केसाएवढा फरक त्यांना बोटांनी कळायचा. पंगतीत तोच हात तुपाच्या तामलीत जायचा आणि मुदीवरच्या वरणाच्या बरोब्बर मध्यावर एक चमचा तूप सोडायचा. मुदीवरून ओघळ नाही की पानावर शिंतोडा नाही. मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव यांचे आजोबा दरबारच्या कोठीवर होते. दरबार गेला, कोठी गेली, पण कोठीची किल्ली बळवंतरावांच्या कमरेला अजून आहे असं वाटावं, असा त्यांचा तुपावर डोळा. चाळीस पानांना एक तामली पुरवणारा माणूस त्यांना प्रिय असणारच.

नाराज एकच बाई होती, सुभाषरावांची बायको इंदिराबाई. त्यांचं माहेर धारचं. "आमच्या धारला तूप वाढतात, देवासला तूप दाखवतात," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. दरवर्षी पोळ्या लाटून शेवटच्या पंगतीला बसल्या की पान पुढे करून म्हणायच्या, "अजून एक." सुभाषराव पुढच्या पानाकडे वळायचे. पंगतीत बायको नसते, असं त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर आठ दिवस बायको असायची आणि ती बोलत नसायची.

मग शहाण्णव साली सासुरवाडीला गेले असताना धारजवळच्या तिरल्याच्या रस्त्यावर त्यांच्या स्कूटरपुढे म्हैस आली. म्हशीला खरचटलंसुद्धा नाही. सुभाषराव डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटले आणि महिनाभर इंदूरच्या दवाखान्यात राहिले. डॉक्टर म्हणाले, लहान मेंदूला मार बसलाय, शरीराचा तोल आणि हाताचा नेम तोच सांभाळतो. शेजारीण भेटायला आली तेव्हा हळहळून म्हणाली, "पण मोठा शाबूत आहे ना?"

मोठा शाबूत होता, आणि पंचाईत तीच होती. सगळं कळायचं. पाय फाकून, डुलत निघाले की पानवाला हळूच म्हणायचा, "भिया, आज सुबे-सुबेच?" कपाकडे हात न्यावा तर तो बशीला लागायचा. आरतीत डोळे मिटले की ते सरळ बाजूच्या भक्ताच्या अंगावर. गणपतीला गंध लावायला गेले, तर गंध उंदराला लागलं. इंदिराबाई हसल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, आणि बाहेर येऊन पुन्हा हसल्या.

दोन वर्षं महाप्रसादाला सुभाषराव घरीच राहिले. तिसऱ्या वर्षी बळवंतराव आमंत्रण घेऊन आले. "यंदा तुम्ही पहिल्या पंगतीला गणपतीशेजारी पाटावर बसायचं. शाल-श्रीफळ देऊ. क्या है ना, इतकी वर्षं सेवा केलीत."

पाटावर बसवतात तो पाहुणा, हे न कळायला सुभाषराव काही म्हैस नव्हते. "मी... तूप... वाढणार," ते म्हणाले. त्यांचं बोलणंही आता एकेक शब्द सुटा करून यायचं.

"मीठ वाढा ना. मीठ सांडलं तर चालतं."

मीठ वाढायला मंडळात दुसरीतली मुलं असत. सुभाषरावांचा चेहरा असा उतरला की बळवंतरावांनाच लाज वाटली. शेवटी ठरलं ते असं की पहिल्या पंगतीत हात सुटला, तर दुसऱ्या पंगतीला निमूट पाटावर.

पुढचा महिनाभर घराच्या ओसरीत बारा ताटं मांडली जात होती. ताटात मुदीऐवजी उपडी वाटी, तामलीत पाणी. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं की कोपर बरगडीला चिकटवा आणि मनगटाला वजन बांधा. फिटरच्या घरात वजनाला काय तोटा? इंदिराबाईंनी जुने नट लाल फडक्यात शिवून पट्टा केला. वाकलं की जमीन वर यायची, म्हणून प्रत्येक ताटापुढे एक गुडघा टेकायचा, श्वास सोडायचा आणि मग चमचा. पहिल्या दिवशी बारापैकी एक वाटी भिजली, बाकी पाणी ओसरीभर. चतुर्थीपर्यंत दहा वाट्या जमू लागल्या. एकच खोट राहिली. वाढताना कुणाशी बोललं की हात वेडा व्हायचा. एका लहान मेंदूला दोन कामं झेपत नव्हती. म्हणून इंदिराबाई महिनाभर गप्प राहिल्या, तेही न रुसता.

महाप्रसादाचा दिवस उजाडला. पानं मांडली, मीठ-लिंबू झालं, वरण-भात पडला. तूप पडल्याशिवाय घासाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे अख्खी पंगत सुभाषरावांकडे बघत बसली. बळवंतराव शाल घेऊन खांबापाशी तयार उभे.

पहिलं पान. गुडघा, श्वास, चमचा. बरोब्बर मध्यावर. दुसरं, तिसरं, पाचवं. पोळ्यांच्या खोलीच्या दारात इंदिराबाई लाटणं धरून उभ्या होत्या, आणि पोळी तव्यावर करपत होती.

सहाव्या पानावर दरवर्षीचे पाहुणे मानसिंगराव. त्यांचं लक्ष लाल पट्ट्यावर गेलं. "भिया, ये ताबीज टेकरीवाली माताजी का है क्या?"

"नाही, ते... नट..." सुभाषरावांनी उत्तर दिलं, आणि हात सुटला. एक, दोन, तीन चमचे. तूप मुदीवरून भाजीत, भाजीतून लिंबाखाली. सुभाषरावांचे कान तापले. संपलं, त्यांना वाटलं.

मानसिंगराव पानाकडे बघतच राहिले. "बीस साल से आ रहा हूँ," ते गहिवरून म्हणाले, "आज पहली बार भात गीला हुआ."

देवासची माणसं मठ्ठ नाहीत. सातव्या पानावरच्या गृहस्थांनी लगेच विचारलं, "काय सुभाषराव, तब्येत कशी?" तीन चमचे. आठव्याने धारच्या पावसाची चौकशी केली, नवव्याने म्हशीची. दोन वर्षांत घरी न फिरकलेल्या माणसांना एकाएकी त्यांची एवढी काळजी वाटू लागली की तामली सतराव्या पानावरच रिकामी झाली. बळवंतराव शाल घेऊन धावत आले.

"ठरलं होतं ना, सुभाषराव?"

"अजून... एक... पंगत," सुभाषराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून बळवंतरावांनी शाल काखेत मारली. वाईट माणूस नव्हता तो, फक्त तुपाच्या बाबतीत तसा होता.

दुसऱ्या पंगतीत सुरुवातीच्या पानांसाठी रेटारेटी झाली. जो तो प्रश्न तयार करून बसलेला. सुभाषरावांनी ओठ मिटले. पेन्शनचं विचारलं, गप्प. सासुरवाडीचं विचारलं, गप्प. एकाने तर "सुभाषराव, मागे साप!" म्हणून पाहिलं. गुडघा, श्वास, चमचा. चाळीस पानं, चाळीस चमचे, एक तामली. रांगेत हळहळ पसरली. "थोडा तो हिलाओ, भिया," कुणीतरी काकुळतीने म्हणालं. बळवंतरावांनी शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "हात असावा तर असा."

शेवटची पंगत पोळ्या लाटणाऱ्या बायकांची. सुभाषरावांचे पाय एव्हाना लटपटत होते, पण हात नाही. पान-पान करत ते इंदिराबाईंपुढे आले. गुडघा टेकला. इंदिराबाईंनी या वर्षी पान पुढे केलं नाही, की "अजून एक" म्हटलं नाही. नवऱ्याचा हात बिघडेल म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला.

एक चमचा पडला, बरोब्बर मध्यावर. मग कोपर बरगडीला तसंच ठेवून, अजिबात न थरथरता, दुसरा. मग तिसरा. तूप मुदीवरून ओघळून भाजीपर्यंत गेलं.

इंदिराबाई पानाकडे बघत म्हणाल्या, "अहो, मी तर काही विचारलं नव्हतं."

"माहीत आहे," सुभाषराव म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे वळले.