झालरीची टोपी

"जगातली थोर माणसं मोठ्या डोक्याच्या घराण्यातच जन्माला येतात!" सासरेबुवांनी जाहीर केलं आणि नाकापर्यंत घसरलेली स्वतःची टोपी मागे सारली. धंदा टोप्या शिवण्याचा. पण दुकानातलं सर्वांत लहान मापही त्यांना सैल होई.

थोरपणाचा पुरावा सुनेच्या मांडीवर होता. पाच महिन्यांची छकुली. तिचं डोकं दर आठवड्याला वाढे आणि ते झाकायला सासरे दर आठवड्याला नवी टोपी शिवत. आजची सहावी, झालरीची. आत कपाळावरच्या शिरा तटतटलेल्या, बुबुळं खाली झुकलेली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "डोक्यात पाणी साठतंय, मेंदू दाबला जातोय. कातडीखालून बारीक नळी घालून ते पोटात सोडू, तिथं जिरून जाईल. उशीर केलात तर नजर जाईल, कदाचित पोरही."

"आधी लग्न ठरू दे की," सासूबाई कुजबुजल्या. नणंदेच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे बाहेर येऊन बसले होते. "डोक्यात नळी घातलेली पोर घरात आहे म्हटल्यावर आपली मुलगी कोण करून घेईल? तू आतच बस. रडली तर पाज."

"पाजलं की ओकते, आई."

"ओकू दे. टोपी तेवढी सांभाळ."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीत बिस्किटं लावत होता. गोल एकीकडे, चौकोनी एकीकडे. फार मन लावून.

छकुली ओकलीच. सासऱ्यांनी चपळाईनं रुमाल काढला आणि झालर पुसली. पोरीची हनुवटी तशीच ओली राहिली.

सुनेनं टोपी काढली, हनुवटी पुसली, ते जड डोकं तळहातावर तोललं आणि थेट बाहेरच्या खोलीत गेली.

"ही माझी लेक. डोक्यात पाणी झालंय. ऑपरेशनला नेतेय, आत्ता."

पाहुण्यांचे कप हातातच राहिले.

"सही कोण करणार?" मागोमाग आलेले सासरे गरजले. "मी नाही करायचो!"

"पोरीच्या आईची चालते. विचारून आलेय."

पाहुण्यांसमोर बसलेली नणंद उठली. "थांब वहिनी, पिशवी मी घेते."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"जाताना दार तेवढं लोटून घ्या," त्या म्हणाल्या, "माश्या येतात."