विषय क्रमांक पाच

घरबसल्या सभा घ्यायला परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले होते. पीकरोग नियंत्रण समितीची मी सचिव आणि बाबा सदस्य. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, बाबांचे गुडघे कामातून गेलेले. म्हटलं, बरं झालं, आता लॅपटॉपसमोर बसतील.

सभेत मी त्यांना बाबा म्हणत नसे. तिथे ते सदस्य आणि मी सचिव. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

त्या दिवशी सभा तीन ते पाच होती. अध्यक्ष, जनावरांच्या डॉक्टरीणबाई आणि बाबा, असे तिघेच सदस्य पडद्यावर आले. तिघांपेक्षा कमी असले तर सभाच होत नाही. बाबा मान खाली घालून बसलेले. ते सभेत नेहमीच डुलक्या घ्यायचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मी विषय वाचायचा आणि कुणी काही बोललं नाही की मंजूर, अशी आमची जुनी पद्धत. भराभर नऊ विषय उरकले.

संध्याकाळी डबा घेऊन गेले तर बाबा तसेच खुर्चीत. लॅपटॉप चालूच. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारास गेले असावेत.

"झोपेतच गेले ना गं?" दादाने फोनवर विचारलं. तो लांब असतो, त्याला पोचायला दोन दिवस लागले. मी म्हटलं, हो रे, झोपेतच. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून दुपारी चार वाजले की माझा जीव थाऱ्यावर नसतो. ऑफिसातल्या संगणकाचा पडदा काळा पडला की त्यात बाबा मान खाली घालून बसलेले दिसतात. मी माउस हलवते, ते जातात. पुन्हा पडदा काळा होतो, ते हजर.

काल अध्यक्ष येऊन टेबलावर वाकले. "इतिवृत्त कुठाय? शेवटचे चार विषय रोगट बागा तोडायचे आहेत. सही करून टाका. तिघेही पूर्ण वेळ उपस्थित होते."

"पूर्ण वेळ?" मी भडकले. "चार वाजता गेलेला माणूस पाच वाजता मंजुरी देतो होय?"

"बाई, तुम्हीच त्यांना हजर धरलंत. मंजूर मंजूर म्हणत कोण होतं? आता आमच्या डोक्यावर खापर फोडू नका."

खरं होतं ते. माणूस किती विषयांपर्यंत जिवंत होता, हे मलाच लिहायचं होतं. आणि दादाला जे छातीठोक सांगितलं, ते खरं की खोटं, तेही सभेच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. आज सकाळी दार लावून घेतलं आणि पाहायला बसले.

विषय दोनला बाबा खोकताहेत. अध्यक्ष वैतागलेत. मी बाबांचा आवाज बंद करते, एक बटण दाबून. चुटकीसरशी.

विषय चारला बाबा छाती चोळताहेत. मी वाचतेय. नजर कागदावर.

विषय पाचला त्यांनी मान वर केली. थेट माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामाने डबडबलेला. ओठ हलले, एकदा, दोनदा, तीनदा. घरात मला ज्या नावाने बोलावतात ते नाव. लहानपणापासून मी ते त्या ओठांवर पाहत आलेय, मला आवाज कशाला हवा? आवाज फक्त माझाच ऐकू येत होता: "कुणाचा आक्षेप? नाही. मंजूर."

मग त्यांची मान खाली गेली.

मेले, मेले मी. मग इतिवृत्त उघडलं आणि लिहिलं: विषय पाच. सदस्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला. सचिवांनी त्यांचा आवाज बंद ठेवला होता. येथून पुढे सभेस पुरेसे सदस्य नव्हते.

सही केली आणि दादाला फोन लावला.

"दादा, झोपेत नाही रे गेले," म्हटलं. "मला हाका मारत गेले."